ब्रायसन डिशॅम्बोची कारकीर्द आणि त्याची गोल्फ बॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक व्यावसायिक गोल्फरांचा खेळ आणि त्यांची साधनं यांबद्दल वेगवेगळं बोलता येतं. डिशॅम्बोच्या बाबतीत ते जमत नाही. त्याच्या कारकिर्दीतलं जवळपास प्रत्येक मोठं वळण बॅगेतल्या एखाद्या बदलाशी जोडलेलं आहे. त्यामुळे खालची उत्तरंही एकमेकांत गुंतलेली आहेत.

ब्रायसन डिशॅम्बो कोण आहे?

अमेरिकेचा व्यावसायिक गोल्फर. जन्म १६ सप्टेंबर १९९३, कॅलिफोर्नियातलं मोडेस्टो. बालपण त्याच राज्यातल्या क्लोव्हिसमध्ये गेलं. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकला. त्यामुळे 'शास्त्रज्ञ' हे टोपणनाव त्याला चिकटलं. यूएस ओपन ही मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, त्याने दोनदा जिंकली आहे: २०२० मध्ये विंग्ड फूटच्या मैदानावर आणि २०२४ मध्ये पाइनहर्स्टच्या.

त्याच्या सगळ्या आयर्नची लांबी सारखी आहे, हे खरं का?

खरं आहे, आणि त्याच्याबद्दल समजून घ्यायची पहिली गोष्ट हीच.

आयर्न म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचे, क्रमांकाने ओळखले जाणारे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या). नेहमीच्या सेटमध्ये प्रत्येक आयर्न पुढच्यापेक्षा साधारण अर्ध्या इंचाने लांब असतं. ३ आयर्न सुमारे ३९ इंचांचं, तर वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचा क्लब, साडेपस्तीस-छत्तीस इंचांच्या आसपास. लांबी बदलली की चेंडूपासून उभं राहायचं अंतर बदलतं, कमरेतला वाक बदलतो, चेंडू पायांमध्ये कुठे ठेवायचा तेही बदलतं. म्हणजे खेळाडू एक स्विंग शिकतोय असं म्हणतो, पण प्रत्यक्षात एकाच स्विंगची सात-आठ रूपं सांभाळत असतो.

डिशॅम्बो सतरा वर्षांचा असताना त्याने हा प्रश्न प्रशिक्षक माइक शाय यांच्यासमोर ठेवला: सगळे क्लब एकाच लांबीचे केले तर? दोघांनी २०११ मध्ये तसा सेट बनवून पाहिला. त्यातून आलेल्या आयर्नची लांबी साडेसदतीस इंच, म्हणजे साधारण ६ आणि ७ आयर्नच्या मधली. डोक्यांचं वजनही सगळीकडे सारखं, सुमारे २८० ग्रॅम. लाय अँगल, म्हणजे शाफ्ट (क्लबची दांडी) जमिनीशी करतो तो कोन, सगळ्यांचा एकच. फरक उरला तो फक्त लॉफ्टचा, म्हणजे क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) मागे किती कललेला त्या कोनाचा. लॉफ्ट कमी असेल तर चेंडू खालून आणि लांब जातो, जास्त असेल तर उंच उडून लवकर खाली येतो. बाकी उभं राहणं, वाकणं, चेंडूची जागा, सगळं तेच.

या आयर्नना त्याने नावंही दिली होती. ६० अंशांच्या वेजला 'द किंग', कारण 'किंग' म्हणून ओळखले जाणारे गोल्फर अर्नोल्ड पामर यांनी १९६० मध्ये मास्टर्स ही मेजर जिंकली. ४२ अंशांच्या आयर्नला 'जॅकी', कारण बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्या जर्सीचा क्रमांक ४२.

इतकं सोपं असेल तर बाकीचे व्यावसायिक असे क्लब का वापरत नाहीत?

कल्पना नवी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टॉमी आर्मर कंपनीने एकाच लांबीच्या आयर्नचा सेट बाजारात आणला होता. तो टिकला नाही, कारण भौतिकशास्त्र दोन्ही टोकांना आडवं येतं.

३ किंवा ४ आयर्न आखूड केलं की डोक्याचा वेग घटतो. लॉफ्ट आधीच कमी, त्यात वेग कमी, मग चेंडू पुरेसा वर चढत नाही. लांब आयर्नमधली अंतरं एकमेकांना चिकटतात; ४ आणि ५ आयर्न जवळपास सारख्याच ठिकाणी चेंडू टाकू लागतात. दुसऱ्या टोकाला वेज नेहमीपेक्षा लांब झाल्यामुळे छोटे, नाजूक फटके बोजड होतात.

डिशॅम्बोकडे पहिल्या अडचणीवर उपाय होता: वेग. ज्याच्या हातात मुळात वेग आहे त्याला आखूड ४ आयर्ननेही चेंडू उचलता येतो. दुसऱ्या अडचणीसाठी त्याने वर्षानुवर्षं सराव केला. बाकीच्या व्यावसायिकांचं काय? लहानपणापासून वेगवेगळ्या लांबीच्या क्लबवर त्यांचे हात तयार झालेले असतात. पोट भरणारी गोष्ट मोडून पुन्हा शिकायला कुणी सहज तयार होत नाही, आणि त्यांचं काही चुकतंय असंही मला वाटत नाही.

त्याचा स्विंग इतका ताठ का दिसतो?

कारण त्याला तो तसाच हवा आहे. किशोरवयात शाय यांनी त्याच्या हातात स्विंगची भूमिती मांडणारं एक जुनं, किचकट पुस्तक दिलं. त्यातून त्याने एकाच प्रतलात फिरणारा स्विंग उचलला. हात उंच, मनगटं जवळपास सरळ, डावा हात आणि शाफ्ट एका रेषेत. मनगटं जितकी कमी वळतील तितक्या चुकायच्या जागा कमी, हा हिशोब.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, उभा लाय अँगल. त्याच्या आयर्नचा लाय ७२ अंशांच्या आसपास असायचा. सामान्य ७ आयर्नचा बासष्ट-त्रेसष्ट असतो. दोन, जाड ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ. जंबोमॅक्स कंपनीच्या त्याच्या ग्रिप साध्या ग्रिपपेक्षा डोळ्यांना जाणवतील इतक्या जाड आहेत. जाड ग्रिप बोटांऐवजी तळहातात बसते आणि मनगटाची हालचाल आपोआप आटोक्यात येते. लांबी, लाय आणि ग्रिप ही तिन्ही सुटी करून पाहिली तर विचित्र वाटतात. एकत्र पाहिली की त्यांचा अर्थ लागतो.

हौशी खेळाडू म्हणून त्याने काय मिळवलं?

२०१५ मध्ये त्याने एनसीएए या महाविद्यालयीन स्पर्धेचं वैयक्तिक विजेतेपद जिंकलं आणि त्याच वर्षी ऑलिंपिया फील्ड्स इथे यूएस अमॅच्युअरही. एकाच वर्षात ही दोन्ही विजेतेपदं त्याच्याआधी फक्त चौघांना जमली होती: जॅक निकलॉस, फिल मिकलसन, टायगर वूड्स आणि रायन मूर.

पुढच्या हंगामात त्याच्या विद्यापीठाच्या संघावर शेवटच्या टप्प्यातल्या स्पर्धा खेळायला बंदी आली. डिशॅम्बोने संघ सोडला आणि हौशी म्हणूनच मोठ्या स्पर्धांत उतरला. २०१६ च्या मास्टर्समध्ये तो संयुक्त २१ वा आणि हौशी खेळाडूंत पहिला आला. दुसऱ्या फेरीच्या अठराव्या होलपर्यंत तो आघाडीच्या अगदी जवळ होता. तिथे त्याला सात फटके लागले. पुढच्याच आठवड्यात तो व्यावसायिक झाला, कोब्रा कंपनीशी करार झाला आणि पहिल्या स्पर्धेत संयुक्त चौथा आला. कोब्राने नंतर एकाच लांबीचे आयर्न दुकानातही आणले.

व्यावसायिक झाल्यावर यश लगेच मिळालं का?

लगेच नाही, पण फार उशीरही लागला नाही. पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेतला पहिला विजय जुलै २०१७ मध्ये, जॉन डिअर क्लासिक. मग २०१८ मध्ये चार विजय: मेमोरियल, हंगामाअखेरच्या फेडेक्स कप प्लेऑफमधल्या लागोपाठच्या दोन स्पर्धा आणि शरद ऋतूत लास व्हेगास. २०१९ च्या सुरुवातीला दुबई डेझर्ट क्लासिकही जिंकली. त्याच वर्षी संथ खेळावरून टीकाही झाली. एका पटपूर्वी (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, चेंडू लोळवायचा फटका) तो दोन मिनिटांहून जास्त वेळ घेतानाचं चित्रण सगळीकडे फिरलं. टीका रास्त होती. आकडेमोड करणारा खेळाडू असला तरी मागच्या गटाने उभं राहून वाट पाहावी असं नाही.

२०२० मध्ये त्याने अचानक वजन का वाढवलं?

कारण त्याने मोजणी केली. टी वरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यात, मिळणारं प्रत्येक जादा यार्ड किती फटके वाचवतं, हे आता आकड्यांत मांडता येतं. रफमधून (बाजूच्या उंच गवतातून) पण जवळून मारलेला फटका पुष्कळदा फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) पण दूरून मारलेल्या फटक्याइतकाच चांगला ठरतो. हे त्याच्याआधीही अनेकांना ठाऊक होतं. त्याने ते शेवटपर्यंत ताणून पाहिलं.

२०१९ च्या शेवटापासून त्याने जोरदार व्यायाम आणि खाणं सुरू केलं. साथीमुळे टूर थांबली त्या महिन्यांतही ते चालूच राहिलं. एकूण सुमारे १८ किलो वजन वाढलं. २०१८-१९ च्या हंगामात ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, त्याची सरासरी ३०२.५ यार्ड होती; पुढच्या हंगामात ती ३२२.१ झाली आणि तो टूरवर पहिला आला. जुलै २०२० मध्ये डेट्रॉइटला त्याने तीन फटक्यांनी जिंकून हे सगळं वाया गेलं नसल्याचं दाखवून दिलं.

त्याच्या ड्रायव्हरचा लॉफ्ट इतका कमी कसा?

टूरवरच्या बहुतेक ड्रायव्हरचा लॉफ्ट साडेआठ ते साडेदहा अंशांत असतो. डिशॅम्बोने त्या काळात साडेपाच अंशांचा कोब्रा ड्रायव्हर वापरला. सामान्य खेळाडूच्या हातात तो दिला तर चेंडू जमिनीलगत सरपटत जाईल.

त्याला तो चालतो याचं कारण चेंडूकडे येणाऱ्या डोक्याची दिशा. तो टी वरच्या चेंडूला खालून वर जाताना मारतो. त्यामुळे चेंडू पुरेशा कोनात निघतोच, आणि लॉफ्ट कमी असल्याने मागे फिरणारा स्पिन कमी राहतो. फार वेगात स्पिन जास्त झाला तर चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि अंतर हवेतच संपतं. वेग वाढला की लॉफ्ट उतरवावा लागतो, इतकं साधं नातं आहे. उलट वाचलं तर मात्र फसगत होते: लॉफ्ट उतरवल्याने वेग येत नाही.

विंग्ड फूटचा विजय एवढा महत्त्वाचा का मानतात?

सप्टेंबर २०२०. न्यूयॉर्कजवळचं विंग्ड फूट हे अरुंद फेअरवे आणि घनदाट रफ यांसाठी नावाजलेलं मैदान. इथे सरळ मारणाराच तगेल, असं जाणकार म्हणत होते. डिशॅम्बोने चार दिवसांत ५६ पैकी फक्त २३ फेअरवे गाठले, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत, आणि तरी सहा फटक्यांनी जिंकला. त्याची बेरीज पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, सहा फटके कमी होती. पारच्या खाली राहिलेला तो एकटाच. शेवटच्या दिवशीही पारच्या खाली खेळलेला तो एकटाच, ६७.

लांब ड्रायव्हरची चर्चा सगळ्यांनी केली. माझ्या मते अर्धी गोष्ट तिथे सुटली. रफमधून ग्रीनवर चेंडू आणायला उंच लॉफ्टचा क्लब हातात असावा लागतो, आणि तो असण्याचं कारण टी वरचं अंतर हे खरंच. पण ग्रीनवर चार दिवस पट गेले नसते तर त्या अंतराला काही किंमत राहिली नसती. त्याच्या पटिंगकडे लोक आजही पुरेसं पाहत नाहीत. एनसीएए, यूएस अमॅच्युअर आणि यूएस ओपन ही तिन्ही विजेतेपदं जिंकलेले त्या वेळी तिघेच झाले: निकलॉस, वूड्स आणि डिशॅम्बो.

त्याचा पटर हाताला टेकलेला दिसतो. ते नियमात बसतं का?

बसतं. १ जानेवारी २०१६ पासून पटर (पट करायचा क्लब) शरीराला टेकवून पट करायला मनाई आहे. पोटाला किंवा छातीला टोक रोवून झोका देता येत नाही. पण पटरची ग्रिप पुढच्या हाताच्या कोपराखालच्या भागाला टेकलेली चालते. यालाच आर्मलॉक म्हणतात. हे नियमाच्या शब्दात बसतं, हेतूत बसत नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. नियम आहे तोवर खेळाडूने तो वापरला तर त्याला दोष देता येणार नाही, असं मला वाटतं.

त्याआधी त्याने एक वेगळाच प्रयोग केला होता. २०१६ च्या अखेरीस तो होलकडे तोंड करून, चेंडू पायांच्या बाजूला ठेवून पट करू लागला. त्यासाठी बनवलेला पटर यूएसजीए या नियामक संस्थेने नियमबाह्य ठरवला आणि २०१७ मध्ये त्याला तो सोडावा लागला. पटिंगमध्ये तेव्हा त्याची बरीच पंचाईत होती. आर्मलॉकवर तो त्यानंतर स्थिरावला.

त्याचा पटर सिक या छोट्या कंपनीचा. त्याच्या फेसवर चार आडवे पट्टे आहेत आणि वरून खाली प्रत्येक पट्ट्याचा लॉफ्ट एकेक अंशाने कमी होतो. हात पुढे झुकले तर चेंडू फेसच्या वरच्या भागाला लागतो, तिथे लॉफ्ट जास्त. हात मागे राहिले तर खालच्या भागाला, तिथे कमी. दोन्ही वेळा चेंडू जवळपास एकाच कोनात निघतो आणि पहिल्या काही इंचांत उसळत नाही. चूक होऊ देऊन तिचा परिणाम मात्र घटवायचा, ही त्याच्या सगळ्या साधनांमधली समान गोष्ट या पटरमध्ये सगळ्यांत स्वच्छ दिसते.

तो चेंडू मिठाच्या पाण्यात टाकतो, हे खरं आहे का?

हो. एप्सम सॉल्टच्या दाट द्रावणात गोल्फचा चेंडू तरंगतो. त्याचं वजन सगळीकडे समान वाटलेलं नसेल तर जड बाजू खाली जाते आणि हलकी वर येते. ती जागा तो खुणेने नोंदवतो आणि पट करताना जड भाग डावीकडे-उजवीकडे न येता चेंडूसोबत पुढे लोळेल असा ठेवतो. आजचे चांगले चेंडू इतके नेटके बनतात की हौशी खेळाडूला यातून काही हाती लागेल असं वाटत नाही. चेंडू कोणता? आधी तो ब्रिजस्टोन वापरायचा, अलीकडच्या वर्षांत टायटलिस्टचा प्रो व्ही१एक्स लेफ्ट डॅश, जो कमी स्पिन देतो.

नियमांमुळे त्याला आणखी कशात माघार घ्यावी लागली?

२०१८ मध्ये तो मैदानाच्या नकाशावर होलची नेमकी जागा काढायला भूमितीतला कंपास वापरताना दिसला. यूएसजीएने ते खेळात न बसणारं साधन ठरवलं. त्याने कंपास ठेवून दिला. २०२० मध्ये त्याने ४८ इंचांचा ड्रायव्हर वापरण्याचा विचार जाहीरपणे मांडला होता. तेव्हा मर्यादाही ४८ इंचांचीच होती. जानेवारी २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावायची मुभा मिळाली आणि मोठ्या टूरनी ती लावली. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब नकोत, ड्रायव्हरचं डोकं ४६० घन सेंटिमीटरच्या वर नको, चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको, हे नियम सगळ्यांसारखे त्यालाही आहेत.

कोब्रापासून तो वेगळा का झाला?

२०२१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये पहिल्या फेरीनंतर त्याने ड्रायव्हरबद्दल पत्रकारांसमोर जाहीर नाराजी व्यक्त केली. कोब्राच्या माणसांना ते लागलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. डिशॅम्बोने त्याच दिवशी माफी मागितली. करार तेव्हा मोडला नाही, नंतरच्या काळात संपला.

त्या वादामागचा तांत्रिक प्रश्न मात्र खरा होता. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, किंचित फुगीर असतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू फेसच्या बाहेरच्या टोकाकडे लागला तर त्याला डावीकडे वळवणारा स्पिन मिळतो. फुगीरपणामुळे तो आधी उजवीकडे निघतो आणि वळून मध्यावर येतो. हा फुगीरपणा सामान्य वेगासाठी ठरवलेला असतो. टूरवर चेंडूचा वेग साधारण ताशी १७० मैलांच्या आसपास, डिशॅम्बोचा १९० किंवा त्याहून जास्त. तिथे स्पिनही वाढतो आणि सगळं गणित चुकतं.

म्हणून तो क्रँककडे वळला. लांब फटक्यांच्या स्पर्धांसाठी ड्रायव्हर बनवणारी ही अमेरिकेतली छोटी कंपनी. त्याने स्वतः त्या स्पर्धांतही भाग घेतला. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत तो शेवटच्या आठांत होता, २०२२ मध्ये दुसरा आला. राइडर कप (अमेरिका-युरोप सांघिक लढत) खेळून दोन दिवसांत लांब फटक्यांच्या मैदानावर उतरणारा दुसरा कुणी माहीत नाही.

त्याचे छापलेले आयर्न म्हणजे काय?

थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले. अव्होडा या छोट्या कंपनीने त्याच्यासाठी ते घडवले आणि २०२४ च्या मास्टर्सच्या आठवड्यातच त्यांना नियामकांची मान्यता मिळाली. लांबी अर्थात सगळ्यांची एकच. नवं काय, तर फेस. आयर्नचा फेस एरवी सपाट असतो. या आयर्नचा ड्रायव्हरसारखा किंचित फुगीर आहे. डिशॅम्बोचा आयर्नचा वेगही इतका की टोकाला लागलेला चेंडू त्याच्या मते गरजेपेक्षा जास्त वळत होता. फुगीर फेसने चुकलेले फटके सरळ जाऊ लागले, असं त्याने सांगितलं. त्या मास्टर्समध्ये त्याने ६५ ने सुरुवात करून पहिल्या दिवशी आघाडी घेतली आणि शेवटी संयुक्त सहावा आला.

२०२४ ची यूएस ओपन जिंकली तेव्हा बॅगेत काय होतं?

ड्रायव्हर आणि फेअरवे वूड (ड्रायव्हरखालोखाल लांब मारणारे क्लब) क्रँकचे, आयर्न अव्होडाचे, वेज पिंगचे ग्लाइड ४.०, पटर सिकचा आर्मलॉक, शाफ्ट एलए गोल्फचे ग्रॅफाइट, ग्रिप जंबोमॅक्सच्या आणि चेंडू वर सांगितलेला लेफ्ट डॅश. एका मोठ्या कंपनीचा सेट नाही, प्रत्येक कामासाठी वेगळी कंपनी.

शेवटच्या दिवशी तो तीन फटक्यांची आघाडी घेऊन उतरला. खेळ सुरू होण्याच्या जरा आधी, सरावाच्या जागेवरच त्याला ड्रायव्हरचं डोकं बदलावं लागलं. त्या दिवशी टी वरून चेंडू फार भरकटला. रोरी मॅकिलरॉय पुढे गेला, मग सोळाव्या आणि अठराव्या होलवर त्याचे छोटे पट सुटले. डिशॅम्बोला अठराव्यावर पार हवा होता. ड्राइव्ह डावीकडे झाडाखाली गेला, तिथून कसाबसा बाहेर काढलेला चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. अंतर ५५ यार्ड. लांब बंकरमधला हा फटका गोल्फमधल्या सगळ्यांत कठीण फटक्यांपैकी मानतात, कारण वाळू किती घ्यायची आणि चेंडू किती न्यायचा यांत चुकायला फार जागा असते. चेंडू होलपासून सुमारे चार फुटांवर थांबला, पट आत गेला, एका फटक्याने विजय.

तो फादर्स डे होता. २०२२ मध्ये गेलेल्या वडिलांना त्याने हा विजय अर्पण केला. इतकी वर्षं ज्याच्या हातातल्या यंत्रसामग्रीवर वाद झाले, त्याचं सर्वांत मोठं यश एका वेजने आणि हातांच्या जाणिवेने साधलेल्या फटक्यावर आलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

लिव्ह गोल्फमध्ये गेल्यावर त्याच्या कारकिर्दीला काय झालं?

२०२२ हे वर्ष वाईट गेलं. डाव्या मनगटातलं हाड मोडलं, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये तो लिव्ह या पीजीए टूरच्या प्रतिस्पर्धी स्पर्धामालिकेत दाखल झाला. पीजीए टूरची दारं बंद झाली, मेजर स्पर्धांची नाहीत. यूएस ओपन जिंकणाऱ्याला ती स्पर्धा दहा वर्षं आणि बाकीच्या तीन मेजर पाच वर्षं खेळता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीनब्रायरला त्याने ५८ ची फेरी खेळली: तेरा बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी), एक बोगी (एक जास्त). ड्रायव्हर क्रँकचा. २०२४ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पारपेक्षा वीस फटके कमी खेळूनही तो एका फटक्याने दुसरा आला. त्याच काळात त्याचे यूट्यूबवरचे व्हिडिओ, विशेषतः पुढच्या टीवरून जोडीने खेळून पन्नासच्या आत फेरी संपवण्याची मालिका, लाखो लोक पाहू लागले. एकेकाळी रागीट आणि तुटक वाटणारा माणूस प्रेक्षकांच्या जवळ आला.

त्याची ती जुन्या पद्धतीची टोपी कुठली?

गोल्फर पेन स्टुअर्ट यांच्या आदराखातर. तेही सदर्न मेथडिस्टचे विद्यार्थी, आणि १९९९ ची यूएस ओपन त्यांनी पाइनहर्स्टच्या त्याच मैदानावर जिंकली होती. लिव्हमध्ये आल्यापासून डिशॅम्बो साधी टोपी घालतो.

मी नुकताच गोल्फ शिकतोय. त्याच्यासारखे क्लब घेऊ का?

एकाच लांबीचे आयर्न वापरून पाहायला हरकत नाही. सुरुवात करणाऱ्याचे हात अजून कुठल्याच सेटला सरावलेले नसतात, त्यामुळे तोटा कमी. पण ४ आणि ५ आयर्नऐवजी हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) ठेवा, नाहीतर वर सांगितलेली अंतरांची अडचण पहिल्या महिन्यातच भेटेल.

लाय अँगल मात्र त्याचा घेऊ नका. उभ्या लायचा क्लब हात खाली ठेवून मारला तर टोक वर उचललं जातं आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. तो हात उंच ठेवतो म्हणून त्याला ते चालतं. जाड ग्रिपचंही तसंच. ती हातांची हालचाल कमी करते, म्हणून ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे जातो त्याचा आणखी उजवीकडे जाऊ शकतो. शिवाय ग्रिपचं वजन वाढल्याने डोकं हलकं भासतं. आर्मलॉक पटर घ्यायचा तर जास्त लॉफ्टचा घ्यावा लागतो, कारण शाफ्ट पुढे झुकलेला राहतो. साध्या पटरची ग्रिप बदलून काम भागत नाही. आणि साडेपाच अंशांचा ड्रायव्हर कुणी स्वस्तात दिला तरी नको. साडेदहा किंवा बारा अंशांनी सुरुवात करा, फिटिंग करणाऱ्याकडून चेंडू किती अंशांत निघतो ते मोजून घ्या, आणि एका वेळी बॅगेतली एकच गोष्ट बदला.